काळ्या दगडाचे पदर

मे महिन्यातली भर दुपार. पुरंदर तालुक्यातल्या एका वावरात आम्ही पाच-सहा जण सहा इंचांच्या एका भोकाकडे बघत उभे होतो. बोअरची गाडी तमिळनाडूची होती. बहुतेक वेळा असतेच. नामक्कल जिल्ह्यातल्या तिरुचेनगोडच्या गाड्यांनी देशभरच्या जमिनीला भोकं पाडली आहेत. कॉम्प्रेसरच्या आवाजात बोलणं अशक्य होतं, त्यामुळे जो तो धुळीकडे बघत होता. भोकातून धुळीचा फवारा उडे आणि माझा भूवैज्ञानिक मित्र दर दहा फुटांना त्यातली ओंजळभर भुकटी घेऊन बांधावर तिचा ढीग करून ठेवी. आधी पिवळट ढीग, मग राखाडी, मग पांढऱ्या ठिपक्यांचा, मग पुन्हा राखाडी. वाण्याच्या दुकानातल्या पिठांसारखी ती रांग लांबत चालली होती.

शेजारी नाना बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, हयात विहिरी खणण्यात गेलेली. त्यांना ढिगांची गरज नव्हती. उडणाऱ्या धुळीवरून ते सांगत होते, "मुरूम सरला." थोड्या वेळानं, "मांजऱ्या लागला." मग बराच वेळ, "पाषाण, पाषाण, पाषाण." १६५ फुटांवर धूळ एकदम विटेच्या भुकटीसारखी लाल झाली. नाना म्हणाले, "गेरू." वावराच्या मालकाचा, अण्णांचा, चेहरा पडला. गाडीवाल्यानं हातानंच केसिंग लागणार अशी खूण केली. ओला झाला की हा गेरू फुगतो, ढासळतो आणि बोअर बुजवतो, म्हणजे पाइपाचा खर्च वाढला. माझा मित्र मात्र हरखला होता. वहीत काहीतरी लिहून माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "पस्तीस फूट चुकलो!"

त्याचा अंदाज १३० फुटांचा होता. चुकल्याचा आनंद का होतो, हे समजून घ्यायला मला पुढचे काही महिने त्याच्यामागून डोंगर तुडवावे लागले.

महाराष्ट्राच्या शाळेत भूगोल शिकलेल्या कुणालाही विचारा, आपल्याकडचा खडक कोणता? बेसॉल्ट. रंग? काळा. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग या एकाच खडकानं व्यापला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरले आणि त्यातून दख्खनचं पठार झालं. आजही हा काळा पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांचा आहे. ही माहिती बरोबरच आहे, पण ती इतकी गुळगुळीत आहे की तिच्यावरून पुढचा प्रश्न घसरून जातो. सगळा एकच काळा दगड असेल, तर नकाशा कसला काढायचा?

कर्नल साइक्सनं १८३० च्या दशकात या खडकाबद्दल लिहिलं. 'दख्खन ट्रॅप' या नावाचं श्रेय त्याला देतात. ट्रॅप म्हणजे स्वीडिश भाषेत जिना. सह्याद्रीच्या कुठल्याही डोंगराकडे लांबून पाहिलं की नाव पटतं. कडा, मग उताराचं गवत, पुन्हा कडा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ मध्ये सुरू झालं. तिथल्या विल्यम ब्लॅनफर्डनं १८६७ मध्ये पश्चिम आणि मध्य भारतातल्या ट्रॅपवर मोठा प्रबंध लिहिला. पण त्यानंतरही खूप वर्षं देशाच्या नकाशावर आपला भाग म्हणजे एका रंगाचा भलामोठा डागच राहिला. कडेला मात्र रंगांची गर्दी: चंद्रपूर-वणीकडे कोळशाचे गोंडवाना थर, भंडारा-गडचिरोलीत त्याहून कितीतरी जुने नीस, सिंधुदुर्गात आणखी वेगळं काही. नागपूर तर या सीमेवरच वसलं आहे. पश्चिमेची सेमिनरी हिल्स आपल्या काळ्या दगडाची, शहराच्या पूर्वेला त्याच्या किती तरी आधीचा खडक. मधला महाराष्ट्र मात्र सपाट एकरंगी. आणि त्याच काळात नानांच्या आधीच्या पिढ्या विहिरी खणताना मुरूम, मांजऱ्या, पाषाण, गेरू असे त्याचे पदर बिनचूक मोजत होत्या.

खडक आणि खनिज यांतला फरक मित्रानं मला दिवाळीच्या फराळावरून सांगितला. खडक म्हणजे चिवडा. खनिजं म्हणजे त्यातले पोहे, दाणे, डाळं, खोबऱ्याचे काप. प्रत्येक खनिजाचं रासायनिक सूत्र ठरलेलं आणि आतल्या अणूंची मांडणीही ठरलेली. ग्रॅनाइट हा जाडा चिवडा. डोळ्यांनी दाणा न् दाणा वेगळा दिसतो. बेसॉल्टचा लाव्हा पृष्ठभागावर येऊन भराभर निवला, स्फटिकांना वाढायला सवड मिळाली नाही, त्यामुळे तो मिक्सरमधून काढलेला चिवडा आहे. खडीच्या ढिगातला ताजा फुटलेला तुकडा दहापट भिंगाखाली धरला, तेव्हा मला बारीक चकाकत्या काड्या दिसल्या. त्या प्लॅजिओक्लेज फेल्स्पारच्या. त्यांच्यामधला काळसर ऐवज मुख्यतः ऑजाइटचा, शिवाय लोहचुंबकाला ओढणारे मॅग्नेटाइटचे कण. याहून बारीक पाहायचं तर खडकाची चकती घासून ०.०३ मिलिमीटर जाडीची करावी लागते. मग काळ्या दगडातून चक्क उजेड आरपार जातो.

मांजऱ्याची गोष्ट वेगळी. लाव्हा निवताना त्यातला वायू वर चढतो आणि थराच्या माथ्यावर बुडबुड्यांची जाळी सोडून जातो. पुढे लाखो वर्षं त्यातून पाणी झिरपतं, खडकातलं थोडंथोडं विरघळवून त्या पोकळ्यांमध्ये भरतं. म्हणून तो दगड पांढऱ्या ठिपक्यांचा दिसतो. इंग्रजीत या भरलेल्या पोकळ्यांचं नाव बदामावरून आलं आहे. ठिपका कशाचा, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. चाकूनं ओरखडला जात नाही तो गारगोटीच्या कुळातला, क्वार्ट्झ किंवा अकीक. ओरखडा उठतो आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच फसफसतो तो कॅल्साइट. ओरखडा उठतो पण फसफसत नाही, पिसासारखा किंवा गवताच्या पेंढीसारखा दिसतो, तो बहुधा झिओलाइट. 'उकळणारा दगड' असा त्या ग्रीक नावाचा अर्थ. स्वीडनच्या क्रोनस्टेटनं १७५६ मध्ये ते दिलं, कारण तापवल्यावर यातलं पाणी बुडबुडत बाहेर पडतं.

या झिओलाइटांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पुण्याला जगाच्या एका वेगळ्याच नकाशावर नेऊन बसवलं आहे. पुणेकरांनाच त्याचा पत्ता कमी. पाषाणच्या टेकडीवरच्या खाणींतला हिरवा ॲपोफिलाइट युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत काचेमागे ठेवलेला असतो. (दगडासाठी प्रसिद्ध झालेल्या गावाचं नावच पाषाण असावं, हा योगायोग मला अजून पुरेसा साजरा झालेला दिसत नाही.) वाघोलीची गोष्ट याहून नाट्यमय. कॅव्हन्साइट नावाचं एक खनिज अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडलं आणि १९७३ मध्ये त्याचं रीतसर वर्णन झालं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून केलेलं नाव. तिथे ते कणाकणानं मिळे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते वाघोलीच्या खाणींत निघालं, आणि निघालं ते पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेल्या गर्द निळ्या गेंदांच्या रूपात. मोरपिसाच्या डोळ्यातला निळा घ्या आणि त्यात थोडं पाणी कमी करा, तो रंग. त्याच खाणींत पेंटागोनाइटही मिळतं. दोघांचं रासायनिक सूत्र तंतोतंत एक, पण अणूंची मांडणी निराळी, म्हणून खनिजं दोन. खनिजाच्या व्याख्येत 'मांडणी' हा शब्द का हवा, ते यापेक्षा चांगलं कुणी सांगू शकणार नाही.

पण ती खाण स्फटिकांसाठी नव्हती, खडीसाठी होती. सुरुंग उडाला, डबर निघालं, क्रशरच्या जबड्यात गेलं, आणि पुण्याच्या इमारतींच्या स्लॅबमध्ये पडलं. मधल्या मध्ये ज्याची नजर पोकळीवर पडली, त्यानं सुतकी-छिन्नीनं अलगद सोडवलं तेवढंच वाचलं. ही नजर बहुतेकदा दगड फोडणाऱ्यांचीच होती. वडारांच्या हातांना कुठला ठोका दगडाच्या शिरेवर पडतो आणि कुठला स्फटिकाचा चुरा करतो, हे कळतं. किती निळं काँक्रीटमध्ये गेलं असेल याचा विचार मी टाळतो.

नकाशाचं काम मी पाहिलं ते आंबेनळी घाटात. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा हा रस्ता म्हणजे सुमारे १२०० मीटर जाडीच्या लाव्ह्याचा उभा छेद. मित्राच्या पाठपिशवीत हातोडा, भिंग, आम्लाची बाटली, खडकाचा कल मोजायची कंपास आणि '४७ जी/९' असं लिहिलेली टोपोशीट. हा आकडा मला गाडीच्या नंबरासारखा वाटायचा. प्रत्यक्षात तो पत्ता आहे. ४७ म्हणजे चार अंश लांब-रुंद चौकोन, त्याचे सोळा भाग ए ते पी, त्यातल्या जी या भागाचे पुन्हा सोळा, त्यातला नववा. त्यावर जमिनीवरचा अर्धा किलोमीटर कागदावर एक सेंटिमीटर होतो. पुणे शहराचा पत्ता ४७ एफ/१४.

भूवैज्ञानिक नकाशा म्हणजे दिसेल तिथे रंग भरणं, अशी माझी समजूत होती. ती पहिल्या तासातच मोडली, कारण दिसतच नाही. माती, गवत, कारवी, दरडी, घरं यांखाली खडक झाकलेला असतो. तो उघडा पडतो ओढ्याच्या तळाशी, कड्यावर, विहिरीत, रस्त्याच्या कापणीत. शंभरातला एखादा तुकडा पाहायचा आणि उरलेल्या नव्याण्णवांबद्दल विधान करायचं, हा खरा धंदा. म्हणून रेघांचे प्रकार असतात. दोन खडकांची सीमा डोळ्यांनी पाहिली तर अखंड रेघ. इथून जात असावी असा पुराव्यावरून अंदाज असेल तर तुटक. मातीखाली पूर्ण दडलेली असेल तर ठिपक्यांची. कुठल्याही भूनकाशावर तुटक रेघांचं प्रमाण पाहून तो काढणाऱ्याचा प्रामाणिकपणा जोखता येतो, असं मित्राचं म्हणणं. इतर कुठल्याच नकाशात 'मला वाटतं' असं म्हणायची सोय नसते.

वळणावळणावर आम्ही थांबत उतरलो. माथ्यावर जांभा. त्याखाली थर सुरू. प्रत्येक थराचा क्रम साधारण सारखा: बुडाशी पातळ चट्टा, मधे भेगांनी चिरलेला घट्ट पाषाण, माथ्यावर जाळीदार मांजऱ्या, आणि कधीकधी त्यावर लाल पट्टा. तो लाल पट्टा म्हणजे नानांचा गेरू: दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तयार झालेली माती आणि राख, पुढच्या लाव्ह्यानं वरून भाजून काढलेली. ठीक, थर मोजता आले. पण या घाटातला सातवा थर आणि वीस किलोमीटरवरच्या वरंध घाटातला सातवा थर एकच, हे कशावरून? लाव्हा चादरीसारखा पसरत नाही; पुष्कळदा तो थापीव धपाट्यांसारखा तुकड्यातुकड्यांनी येतो, एक पुढे सरकतो, दुसरा त्याच्या बगलेतून फुटतो. रंग सारखा, पोत सारखा. इथे डोळ्यांचं काम संपतं.

उत्तरेकडच्या घाटांत निसर्गानं थोडी दया दाखवली आहे. इगतपुरी ते मंचर या पट्ट्यात काही थरांमध्ये फेल्स्पारचे स्फटिक कित्येक सेंटिमीटर लांब आहेत. दळलेल्या चिवड्यात अचानक अख्खे दाणे. हे थर चुकवता येत नाहीत, म्हणून ते खुणेचे दगड झाले. त्यांना मिळालेली नावं मला भारी आवडतात: काशेळे, मंचर, गिरवली, आणि एकाला तर रेल्वेच्या बोगद्यावरून नुसतं 'टनेल ५'. अशा खुणा धरत सर्वेक्षणाच्या लोकांनी साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ले, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर अशी उतरंड लावली. किल्ल्यांची यादी वाटते, पण ती आहे काळाची.

दक्षिणेत अशा खुणा नाहीत. तिथे १९८० च्या दशकात वाट निघाली ती रसायनशास्त्रातून. पवईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्याबरोबर पीटर हूपर, कीथ कॉक्स यांच्यासारखे परदेशी संशोधक घाटाघाटांतून थर न् थर नमुने घेत उतरले. कुजकट साल फोडून आतला ताजा दगड घ्यायचा आणि त्यातलं टायटॅनियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम मोजायचं. डोळ्यांना सारखे दिसणारे थर आकड्यांत वेगवेगळ्या कुळांचे निघाले. वर येताना वाटेतल्या जुन्या खडकांचा किती ऐवज लाव्ह्यात मिसळला, यावर तो फरक बराचसा ठरतो. बुशे कुळात भेसळ सर्वाधिक, आंबेनळीचा लाव्हा जवळजवळ निर्भेळ. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर: खालून वर असा हा क्रम. सुब्बाराव आणि हूपर यांनी १९८८ मध्ये पश्चिम घाटाचा या पद्धतीचा नकाशा प्रसिद्ध केला, आणि एकरंगी डागाचे पदर सुटले. अपघातांच्या बातम्यांपलीकडे ज्या घाटाचं नाव आपण फारसं घेत नाही, ते आंबेनळी हे नाव आज जगभरच्या ज्वालामुखी-अभ्यासकांच्या तोंडी असतं. उच्चार वाईट करतात, एवढंच.

या नकाशातली सर्वांत गमतीची गोष्ट मात्र मला घरी बसून कळली. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाबळेश्वर त्याहून दोनशे मीटरनं बुटकं. थरावर थर रचले गेले असतील, तर उंच शिखरावरचा खडक सर्वांत नवा असायला हवा ना? उलटं आहे. कळसूबाईचा माथा महाबळेश्वरच्या पायथ्यापेक्षाही जुना आहे. कारण सगळी चळत दक्षिणेकडे कलली आहे. कल किती? एक अंशाहूनही कमी. उभं राहून पाहिलं तर सपाटच दिसेल, पाणी ओतलं तरी कळणार नाही. पण हा नखभर कल शे-दोनशे किलोमीटर चालू राहिला की हजारावर मीटरचा फरक पडतो. म्हणजे नाशिकहून साताऱ्याला जाणारा माणूस रस्ता सपाट असला तरी काळाचा डोंगर चढत असतो.

दगडातल्या मॅग्नेटाइटनं आणखी एक साक्ष दिली. लाव्हा निवताना त्याचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून बसतात. घाटातल्या खालच्या थरांत ही दिशा आजच्या उलट आहे. महाबळेश्वर कुळाच्या आत कुठेतरी ती सुलटी होते. ही उलटापालट जगभर एकाच वेळी झाली असल्यानं थरांना तारीख लावायला तिचा उपयोग झाला. त्याआधी, १९५० च्या दशकात, दख्खनच्या दगडांच्या याच चुंबकत्वावरून दिसलं होतं की लाव्हा वाहिला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. खंडं सरकतात, हे मानायला तेव्हा अनेक मोठे शास्त्रज्ञ तयार नव्हते.

आणि मग गेरू. बेसॉल्टचं वय काढणं अवघड, कारण अचूक घड्याळ ठरणारं झिर्कॉन हे खनिज त्यात सहसा नसतं. पण दोन थरांमधल्या लाल पट्ट्यात मधूनच पडलेल्या ज्वालामुखीय राखेबरोबर झिर्कॉनचे कण आले होते. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या गटानं घाटांतून ही लाल माती नेली, चाळली, धुतली आणि त्यातल्या सूक्ष्म कणांवरून थरांच्या तारखा काढल्या. मुख्य लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत ओतून झाला, आणि डायनोसॉर संपले तो क्षण या कालावधीच्या आत पडतो. नेमका कुठे? २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांनी दोन उत्तरं दिली. शोन यांच्या मते लाव्हा चार झटक्यांत आला आणि त्यातला एक मोठा झटका डायनोसॉरांच्या अंताशी जोडल्या जाणाऱ्या उल्कापाताच्या जरासा आधीचा. बर्कलेच्या गटाच्या मते बहुतांश लाव्हा उल्कापातानंतरचा. भांडण अजून मिटलेलं नाही. माझं मत विचाराल तर मला त्यातलं काही कळत नाही, पण ज्या लाल मातीवरून अण्णांचा चेहरा पडला तिच्यावरून दोन विद्यापीठांतले प्राध्यापक भांडतात, हे फार आवडतं.

या काळ्या चळतीच्या खाली काय आहे, हे दोन भूकंपांनी पाहायला लावलं. कोयनेचा डिसेंबर १९६७ चा आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा. किल्लारीला छिद्र पाडलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला. कोयनेजवळ रासाटीला तो ९३२ मीटरपर्यंत पुरला. दोन्हीकडे खाली तोच जुना नीस-ग्रॅनाइटचा पाया, जो भंडारा-गडचिरोलीत उघडा दिसतो. नकाशाच्या कडेला दिसणारे ते रंग आपल्या पायाखालून गेलेले आहेत. आपण त्यांच्यावर हा काळा पडदा ओढून बसलो आहोत.

आता पुन्हा अण्णांच्या वावरात. मित्राचा १३० फुटांचा अंदाज आला कुठून? दीड किलोमीटरवरच्या रस्त्याच्या कापणीत त्याला लाल पट्टा दिसला होता. त्याची उंची घेऊन, थर आडवा धरून, त्यानं वावराखाली तुटक रेघ ओढली होती. गेरू पस्तीस फूट खाली निघाला. दीड किलोमीटरला पस्तीस फूट म्हणजे अर्ध्या अंशाच्या आत-बाहेरचा कल. किंवा मग त्या जागी जुन्या थराचा माथाच खोलगट असेल. एका भोकावरून सांगता येत नाही. दोन बिंदूंतून रेघ जाते; थराची पातळी कुठे कललीय ते ठरवायला तिसरा बिंदू लागतो.

गेरू ओलांडून गाडीनं आणखी वीस फूट खाली पाडलं. मांजऱ्या लागला, धूळ दमट झाली, चिखल उडाला आणि शेवटी मनगटाएवढी धार आली. टिकेल का, हे तेव्हा कुणीच बोललं नाही. अण्णांनी नारळ फोडला. कॉम्प्रेसर बंद झाला आणि एकदम कावळ्यांचा आवाज ऐकू आला. मित्र वही उघडून बसला. खोडरबरानं जुनी रेघ पुसून त्यानं जरा खालून नवी ओढली, पुन्हा तुटकच. मग नानांकडे वळला.

"नाना, ओढ्याकडच्या तात्यांच्या विहिरीला गेरू लागला होता का हो?"

"लागला होता की. मीच होतो आत."

"किती खाली?"

नानांनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं. "सात परसावर. नाही, साडेसात. साताला माझा पाय घसरला होता."

मित्रानं वहीत 'साडेसात परस' लिहिलं आणि विचारलं, "तेव्हा तुमची उंची किती होती?"

नाना उठून सरळ उभे राहिले.